वीस पाव

गुरुवारी साडेदहाला, चर्चच्या वळणावर, मी तीनदा हॉर्न वाजवतो.
एक कुत्र्यांना, एक बहिऱ्या स्तामतला,
तिसरा नुसता सवयीचा,
ज्या दारांमागे कुणी नाही त्यांच्यासाठी.
दारांवर कागद आहेत: काळी चौकट, फोटो, नाव,
'जाऊन चाळीस दिवस', 'एक वर्ष', 'नऊ वर्षं'.
आम्हा बल्गेरियन लोकांची रीतच आहे,
मेलेलं माणूस दाराला डकवायचं.
पाऊस शाई नेतो, ऊन चेहरा नेतं,
मग शहरातून कुणी येऊन नवा कागद लावतं.
लावायचं. आता नाही.

वडील ही गाडी चालवायचे तेव्हा
द्रेनोवित्सात दोनशे दहा पाव उतरायचे,
शाळेचे गोड बन वेगळे.
शाळेत पुढे मेंढ्यांचा चारा भरला,
मग मेंढ्याही विकल्या. चारा आहे अजून.

बेकरीचा मालक तसा भला,
पण रोदोपीचा घाट चढायला डिझेल लागतं.
म्हणाला, वीसच्या खाली गेलात की वरची खेप बंद.
मी हे फक्त दोब्रीला सांगितलं,
तेही सुट्टे मोजता मोजता.

पुढच्या गुरुवारी
दोनच दात उरलेल्या गिन्कानं चार पाव घेतले.
स्तामतनं तीन.
आलुबुखाऱ्याच्या एका झाडापायी
तीस वर्षं अबोला धरलेल्या दोघी बहिणी
(माणसं सात, तरी त्यांच्यामुळे रांगा दोन)
तीन-तीन घेऊन आपापल्या वाटेनं गेल्या.
उरलेले उरलेल्यांनी उचलले.
वीस. एक कमी नाही, एक जास्त नाही.
कुणी काही बोललं नाही. मी कशाला बोलू?

त्या हिवाळ्यात कोंबड्या माजल्या.
दोब्रीचं गाढव गवताकडे बघेना.
गिन्काची लाकडं माळ्यावर चढवून द्यायला गेलो,
तर दोरीवर पावाचे तुकडे वाळत, खाली तीन पोती भरलेली.
'लढाईत नव्हता,' ती म्हणाली, 'आता आहे.'
आणि शिडी धरून उभी राहिली, मी उतरेपर्यंत.

ईस्टरनंतर एका दारावर
कोरा करकरीत कागद दिसला. दोब्रीनं लावलेला,
एक कोपरा सुटून फडफडत होता.
फोटोत लष्करी टोपी, वय वीसबीस.
मला आधी ओळखूच आला नाही स्तामत.
हॉर्न दोनदा वाजवून झाला होता,
तिसऱ्यासाठी हात तसाच राहिला.

गिन्कानं त्या दिवशी सात मागितले.
रुमालाची गाठ सोडली, पैसे मोजले,
पुन्हा मोजले.
मी चार दिले. म्हटलं, तेवढेच आहेत आज.
तिनं गाडीत डोकावून पाहिलं,
फळीवरचे तीन पाव तिला चांगले दिसले,
आणि तिनं रुमाल बांधला.
वहीत मी वीस लिहिलं.

रात्री बायकोनं विचारलं, हे कुणाचे?
वरच्या एका गिऱ्हाइकाचे.
मग? येणार आहे का तो न्यायला?

मी म्हटलं,
आपण कोंबड्या पाळूया का गं चार-दोन?