बद्द

हडर्सफील्डच्या ग्रंथालयानं काउंटरवर खोका ठेवला होता,
बुटांचा, झाकणाला चीर पाडलेला:
गावातली तुमची आवडती इमारत कोणती, आणि का?

स्टेशनला दोनशे अकरा मतं.
साहजिक आहे. ते खांब पाहिले की
तिकीट काढायला आलेला माणूसही
नकळत पाठ ताठ करतो.
मग टाउन हॉल, मग चर्चचा मनोरा,
मग ती गिरणी, जिच्यात आता फ्लॅट आहेत
आणि लोकर फक्त भाडेकरूंच्या अंगावर.

बाजारामागच्या पार्किंगला तीन.

ती इमारत माझ्याकडे आहे. म्हणजे, तपासायला.
सात मजले, उघडं काँक्रीट,
पन्नास हिवाळ्यांचे काळे ओघळ.
इथले लोक म्हणतात, जन्मल्यापासून
हिनं तोंड धुतलेलं नाही.
मी हातोडी, पिवळा खडू आणि शिडी घेऊन जाते.
ठोकायचं आणि ऐकायचं.
खणखणीत वाजलं, तर पुढं.
बद्द वाजलं, तर आत कुठंतरी
सळई गंजून फुगलीय, पापुद्रा सुटलाय;
खडूनं गोल करायचा.

हे मी कॉलेजात शिकले असं बायोडेटात लिहिलंय.
खरं तर कराडच्या बाजारात शिकले,
आई माठ घ्यायची तेव्हा.
टिचकी मारायची, मान तिरकी करायची,
आणि कुंभार कितीही गोड बोलला
तरी माठाचंच ऐकायची.
रिपोर्टमध्ये ‘बद्द’साठी लांबलचक शब्द आहे.
तो लिहून होईतो आवाज विरून जातो.

तिनातलं एक मत माझं.
मी द्यायला नको होतं, पण खोक्यावर नियम लिहिले नव्हते.

दुसरं ओल्डरॉइड यांचं.
काठी टेकत चौथ्या मजल्यावर आले,
माझं हेल्मेट पाहून म्हणाले, पाडायचं ठरलं का?
एकोणिसाव्या वर्षी याच खांबांच्या साच्याला
त्यांनी फळ्या ठोकल्या होत्या.
माझा हात धरून एका खांबावर ठेवला.
“ही उलटी बसली. फोरमन ओरडेपर्यंत ओतून झालं होतं.”
बोटांखाली लाकडाच्या रेषा,
एक गाठ, तिला वळसा घालून गेलेल्या आणखी रेषा.
फळ्या त्याच हिवाळ्यात शेकोटीत गेल्या.
गोंदण राहिलं.
टाउन हॉलवर कारागिरांनी पानंफुलं कोरली;
इथं कुणी काही कोरलं नाही,
एक झाड जाता जाता टेकलं, एवढंच.

तिसऱ्या चिठ्ठीवर नाव नव्हतं.
गोल गोल अक्षर, शाळकरी असावं:
लेव्हल पाच. नोव्हेंबर. पावणेचार.
‘का’च्या पुढं रिकामी जागा.

गेले. एक लाल गाडी, काच धुरकट,
आत कुणीतरी नाइट शिफ्टची झोप घेत होतं.
खाली ट्रॉल्यांचा खडखडाट.
मग डोंगराआड जाण्याआधी ऊन
कठड्याच्या फटीतून आडवं आत शिरलं,
जमीन सोडून थेट छताला लागलं,
आणि सगळं राखाडी पोट
ताज्या गुळाच्या ढेपेसारखं झालं.
चार मिनिटं असेल. कदाचित तीन.
तेवढ्यात छतावरचे माझे पिवळे गोल
एकेक करून उजळले.
मोजले. एकशे त्रेचाळीस.

रिपोर्ट शुक्रवारी द्यायचाय.
सगळे स्लॅब झाले, तुळया झाल्या, जिने झाले.
ओल्डरॉइडचा तो खांब तेवढा राहिलाय.
काल जाऊन आले, हातोडी गाडीत विसरून.
नुसती टिचकी मारली,
हातमोजा न काढता.
वारा होता, लिफ्टचा घरघराट होता,
नीट ऐकू आलं नाही,
असं मी नेव्हिलला सांगितलं.