शंभर अंश

पोतोसीच्या शाळेत, सातवीच्या वर्गात
स्टोव्ह एकच. भांडं माझ्या घरचं, एका कानाचं.
थर्मामीटर पाच,
त्यातल्या एकाचा पारा मधेच तुटलेला.

पाणी खदखदायला लागलं तशी पोरं वाकली.
काचेवर वाफ.
नेलिदानं बाहीनं पुसून आकडा वाचला,
पुन्हा वाचला,
आणि वहीत लिहिलं: शंभर.

खोडलेले शहाऐंशी खाली अजून दिसत होते.

"पुस्तकात शंभरच आहे," ती म्हणाली,
जणू पाणी तिलाच नीट उकळता आलं नव्हतं.
फ्रोइलाननं तर थर्मामीटर झटकून पाहिला,
तापल्या पोराच्या काखेतला झटकतात तसा.

तिच्या वयाचा असताना मीही शंभरच लिहिले होते.
दहापैकी दहा.
ते पान आईनं बरीच वर्षं जपलं.

विचारलं, घरी घेवडा शिजायला किती वेळ?
सगळे एकदम सुटले.
रात्रभर भिजवला तरी दुपार होते.
बाप खाणीतून येतो, दाणा कच्चाच.
एलियानाची मावशी समुद्राकाठी, आरिकाला असते,
तिच्याकडे म्हणे तासात.

मग कुणी बोलेना.
भांडं तेवढं बोलत राहिलं.

"पुस्तक लिहिणारा," फ्रोइलान हळूच म्हणाला,
"मावशीच्या शेजारी राहत असणार."

नेलिदानं शंभर खोडले. कागद थोडा फाटला.
समासात लिहायला गेली, थांबली,
पुन्हा भांड्यावर वाकली, एक डोळा मिटून.

"साडेशहाऐंशी, सर.
मघाशी तो अर्धा मी सोडला होता."