थांबण्याचा चुरा

घाट उतरून आलेली गाडी
मी आधी नाकानं ओळखतो.
जळक्या पॅडचा वास. मग खाली बसून चाक बघतो:
पुढचं डावं, पुढचं उजवं,
काजळी धरलेल्या दोन चुली.

परतवाड्यात, धारणी रोडला माझं दुकान.
टिनाचं छप्पर, एक कॉम्प्रेसर,
भिंतीवर इसाकभाईंनी रंगवलेला बोर्ड:
‘ॲलॉय चाके नवीन करून मिळतील.’
खाली माझ्या अक्षरात:
‘ॲसिडने धुऊन आणू नये.’

सुगरती धिकार, सेमाडोहकडच्या नर्सबाई.
गाडी पांढरी, सेकंडहँड, आठवड्यात चार खेपा.
चाक असं, की कुणी फोडणीला मोहरी टाकून
घराबाहेर निघून गेलं.
“धुतलं होतं,” त्या म्हणाल्या, “संडासच्या ॲसिडनं.”
मी गप्प बसलो. कपाळ बोललं असावं.

ही धूळ म्हणजे धूळ नव्हे.
तुरीच्या कुटाराची धूळ फुंकली की जाते.
हा लोखंडाचा चुरा, तापलेला उडतो,
लॅकरवर बसतो, बसल्या जागी रुततो,
रात्रीच्या दवात गंजतो
आणि सकाळी नारिंगी टिपका होऊन
आत जायची वाट विचारतो.

चाक गार होऊ दिलं, सावलीत.
औषध मारलं. थांबलो.
आणि सुटू लागला तो रंग,
जांभळं खाल्लेल्या पोराच्या जिभेचा,
आऱ्यांवरून ओघळत थेट नालीत.
“माय वं! रक्त निंगालं का गा याचं?”
“लोखंड निंगालं, ताई. रक्तात बी तेच राह्यते म्हणतात.”
नर्सला हे सांगणारा मी शहाणा.

मग पेपर. चारशे, आठशे, बाराशे, दोन हजार.
आधी माझ्या बोटांचे ठसे गेले, खड्डे नंतर.
रंग उडू नये म्हणून टायर आणि रिमच्या फटीत
पत्ते खोचले, उभे, सगळे बावन्न.
राजा, दश्शी, चव्वी, राणी
चाकाभोवती फेर धरून
अंगावर रुपेरी फवारा घेत राहिले.
वर लॅकर, लॅकरवर कोटिंग, तीन दिवस सुकणं.

माझा बाप एसटीत होता.
अख्खा घाट गिअरवर उतरायचा.
‘ब्रेक मारला म्हणजे आधी विचार नाही केला,’
हे त्याचं. तेच मी बाईंना ऐकवलं.
“चला मंग,” त्या म्हणाल्या, “ट्रायल घेऊ.”

बिहालीच्या पुढं पहिल्या वळणावर वांदरं.
दुसऱ्यावर गवताचा भारा, भाऱ्याखाली कुणीतरी.
तिसऱ्यावर कुणी नाही, तरी ब्रेक.
“इथं एक म्हातारी हात दाखवते. गुरुवारी.”
“आज मंगळवार हाय, ताई.”
“गोळ्या संपल्या असतीन तर?”
काच खाली. दोनदा हॉर्न.
आम्ही ऐकत बसलो, रानकोंबडा आणि इंजिन.
मग निघालो.
गिअरचं मी पुन्हा काढलं नाही.

दुकानात येऊन चाकावर बोट फिरवलं.
बोट काळं. एका ट्रायलीत.
बसणारच ती. रुतू द्यायची नाही,
कोटिंगचं काम तेवढंच.
पंधरा दिवसांनी साधा शाम्पू, मऊ ब्रश,
आणि आऱ्यांच्या मागून हात घाला,
मागून कुणी धूत नाही.

त्या रात्री पत्ते मोजले. एक्कावन्न.
बदामाचा गुलाम गायब.
त्याच्या जागी महिनाभर
बिडीच्या पाकिटाचा तुकडा खेळला.

परवा बाई आल्या. चष्म्याच्या डबीतून
पान काढून माझ्या हातावर ठेवलं.
गुलाम. हनुवटीपासून खाली रुपेरी,
चाकाच्या गोलाईत कापल्यासारखा.
“आतल्या कडेला फसला होता.
हरिसालपर्यंत फिरून आला.”
पुढची दोन्ही चाकं पाहिली. पुन्हा चुली.
मी बादली नळाखाली लावली.