घड्याळामागचं पाकीट

ग्रिम्सबीच्या गोदीत आता मासे कमी, सीगल जास्त.
मी तिथे कौन्सिलच्या आरोग्य खात्यात.
पन्नाशी ओलांडलेल्यांच्या घरी एक संच येतो:
बोटाएवढी बाटली, झाकणाला काडी,
टपालखर्च भरलेलं पाकीट.
तो त्यांनी वापरून परत पाठवावा, हे बघणं माझं काम.
थोडक्यात, माणसांना आपापली विष्ठा
पोस्टाने पाठवायला लावणं.
सासूबाईंना फोनवर सांगते, सर्वेक्षणात आहे.

पत्रकं काढली, चार रंगांत.
आतड्याचं चित्र बागेतल्या नळीसारखं,
कुणाला लागणार नाही अशी भाषा,
आकडे इतके घासलेले की हातातून निसटावेत.
बाजारात एकाने त्यात चिप्स बांधून दिल्या.

मच्छीमारांच्या क्लबात मी पडदा लावला, तेव्हा
मागून आवाज आला, "बाई, जरा सरका,
डार्टचा बोर्ड दिसत नाही."
लोक हसले. मीही हसले, पगारी हसू.

मग लेन मंबी उठला
(आडनाव पहिल्यांदा मला मुंबई ऐकू आलं होतं).
म्हणाला, "वीस वर्षं आइसलँडच्या पाण्यात काढली.
बर्फ चढून बोट कलायची, कुऱ्हाडीने फोडायचो.
आणि हे पाकीट
मी सात महिने घड्याळामागे ठेवलं.
भीती नव्हे हो. लाज.
मॉरीन रोज धूळ पुसताना ते काढायची,
पुसून परत तिथेच ठेवायची,
एक शब्द नाही.
एक दिवस घड्याळ बंद पडलं.
सेल बदलायला उचललं, तर हे समोर.
मग काय, मार्गारिनचा रिकामा डबा घेतला.
पुढचं तुम्हाला सांगायला नको.
वीतभर आतडं गेलं. मी इथे आहे.
कुणाची पाळी?"

डार्ट कुणी फेकला नाही बराच वेळ.

मला आठवली श्रावणातली शुक्रवारची कहाणी,
वाईच्या काकू सांगायच्या, आटपाट नगर होतं,
आणि आम्हा पोरांच्या मुठीत तांदळाचे चार दाणे.
का, ते कुणी सांगितलं नाही.
घामाने दाणे ओले व्हायचे,
पण मूठ भरलेली असली की उठून जाता येत नाही.
माझ्या पत्रकांत हे दाणे नव्हते.

गोष्ट गावभर फिरली.
बिंगोच्या हॉलमध्ये सात महिन्यांची दोन वर्षं झाली,
मार्गारिनचं आइस्क्रीम झालं,
न्हाव्याकडे तर मॉरीनने घड्याळच फेकून मारलं.
पाकिटं परत येऊ लागली.
वरिष्ठ बाईंनी विचारलं, "मजकूर तपासून घेतलाय ना?"
मग म्हणाल्या, त्यांची छोटी फिल्म करू.

विचारायला गेले. लेन गाडी पुसत होता.
"नको," म्हणाला.
फडकं पिळलं. परत पिळलं.
"घड्याळामागे दोन पाकिटं होती.
दुसरं रॉयचं. भाऊ, आमच्याकडेच राहायचा.
त्याने तुमचं पत्रक वाचलेलं, बरं का. अख्खं.
चश्मा लावून.
ती गोष्ट मला अजून सांगता येत नाही,
आणि ती सोडून कॅमेऱ्यासमोर बसवत नाही."

मी ते अहवालात घातलं नाही.
इथे लिहिते आहे, कारण हे मराठी आहे,
गोदीवर कुणी वाचणार नाही.

काकू शेवटी म्हणायच्या,
साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण.
सुफळ म्हणायला माझी जीभ वळते.
पुढचा शब्द येत नाही.

मार्चमध्ये मला पन्नास पूर्ण झाली.
काल माझंही पाकीट आलं.
आमचं घड्याळ भिंतीला चिकटलेलं, मागे जागा नाही.
ते पोळ्यांच्या डब्यावर ठेवलंय,
जेवायचं तर आधी उचलावं लागेल असं.