लाभ, दोन, तीन

सावद्याच्या केळी पिकवायच्या गोदामात
चोवीस कप्पे, प्रत्येकात एक सेन्सर.
पहिल्या रात्री मी चोवीस नावं लिहिली
कप्पा१, कप्पा२, कप्पा३
आणि प्रत्येकाखाली त्याच चार ओळी:
तापमान घे, ओल मोज, गॅस सोड, नोंद ठेव.
सतराव्यापाशी बोट चुकलं,
सोळाव्याचंच तापमान दोनदा छापून आलं.
फिरकेशेठ म्हणाले, जुळे झाले का काय?

बाहेर सुभान तडवी ट्रक रिकामा करत होता.
क्रेटला नाव नाही.
एक उचल, एक वळण, एक टेकवणं,
तोंडाने लाभ, दोन, तीन...
ट्रक संपला की थांबायचं,
हे त्याला कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

आत आले. सगळं खोडलं.
चोवीस कप्प्यांची एकच यादी,
चार ओळी, एकदाच,
आणि त्यांच्याभोवती एक वळसा.
शेठ म्हणाले, एवढंच? मग पैसे कशाचे?

यादी शून्यापासून मोजते, सुभानभाई लाभापासून.
त्या फटीत माझा शेवटचा कप्पा
दोन दिवस राहून गेला
हिरवागार, कुणी न विचारलेला.
वळसा एका पावलाने वाढवला.

आता स्क्रीनवर सगळे सारखे फिरतात.
सुभानभाई मात्र परवा मध्येच अडला,
एक फणी नाकाशी नेली,
क्रेट बाजूला सारलं.
"एकशे बारा. हे नाही."

कशावरून, मी विचारलं.
तो एकशे तेरावं उचलत होता.