चार नंबरच्या दारावर

काटोवित्सेत फेब्रुवारी म्हणजे
राखेचं पोतं झटकल्यासारखं आभाळ.
सव्वीस वर्षं खाणीत काढून मी, रूफिन,
आता या हॉलच्या चार नंबरच्या दारावर
हातात तिकिटं तपासायचं यंत्र घेऊन उभा.
पिक्. या. पिक्. या.

आत पाच पोरं विरुद्ध पाच पोरं.
खुर्च्यांवर बसून.
पहिल्या वर्षी मी बायकोला म्हटलं,
अगं, लोक पैसे मोजून
बसलेली माणसं बघायला येतात.
ती म्हणाली, मग चर्चमध्ये आपण वेगळं काय करतो?

खेळ मला अजून धड कळत नाही.
एवढं कळतं की भिंतीआड कोण दबा धरून आहे
ते गर्दीला दिसतं, खेळणाऱ्याला दिसत नाही.
आमच्याकडे उलटं.
छताची कुरकुर आम्हालाच ऐकू यायची,
वर गाव निवांत बटाटे सोलत असायचं.
सातशे मीटर खाली मी एकदा एका पावलाने वाचलो
तर टाळी वाजवायला जवळ फक्त आल्फ्रेड,
आणि त्याचे दोन्ही हात डब्यात.

मध्यंतरात एक पोरगा माझ्याच दारातून बाहेर आला.
जर्सीवर नाव याल्मारी, फिनलंडचा.
मनगटाला निळी पट्टी.
थंड हवा त्याने घोटाघोटाने प्यायली,
मग माझ्या बिल्ल्यावरचा हातोडा बघून विचारलं,
खाणीत किती वर्षं?
सव्वीस. पंचविसाला पेन्शन होती,
एक वर्ष तसंच, सवयीचं.
माझी सहा झाली, म्हणाला. अजून तीन, फार तर.
मग बोटं मागे पडतात.
किती मागे?
त्याने पापणी मिटून उघडली.
याच्या निम्मं.

आणि म्हणाला, तोवर माणसं लागतीलच असंही नाही,
यंत्रं खेळतील यंत्रांशी,
एक नेम चुकणार नाही.

कोळसा कापणारं यंत्र आलं त्या दिवशी
अख्खी पाळी बघायला जमली होती.
मंत्री आला, बँड आला.
दुसऱ्या दिवशी तिकडे कुत्रं फिरकलं नाही.
हे त्याला सांगायचं होतं,
पण माझं इंग्रजी तेवढं लांब जात नाही.
मी नुसतं दार उघडून धरलं,
सवयीने यंत्र दाबलं.
पिक्.

शेवटच्या फेरीत त्याचा नेम चुकला.
मी हॉलकडे पाठ करून होतो, तरी कळलं:
अकरा हजार छात्यांतून एकच
हाऽऽ.
तो आवाज माझ्या ओळखीचा आहे.
पिंजरा वर यायचा आणि आत एक माणूस कमी निघायचं,
तेव्हा फाटकाशी उभ्या बायकांचा.
नाही, तेवढा नाही. पोरखेळच हा.
पण जातकुळी तीच.

साहेब सांगतात, थोड्या वर्षांत हॉलच नको,
डोळ्यांवर चश्मा चढवायचा,
घरबसल्या खेळाडूच्या बुबुळात शिरायचं.
असेल. माझं काय, मी दाराचा माणूस.
फक्त ते हाऽऽ कुठे मावणार, कोणत्या खोलीत,
हे त्यांना विचारायचं राहून जातं.

रात्री मोजणी.
आत गेले अकरा हजार चारशे सहा,
बाहेर आले अकरा हजार चारशे पाच.
खाणीत दिव्याच्या खोलीत बिल्ले टांगलेले असायचे,
एक जरी उरला तरी कोणी घरी जायचं नाही.
साफसफाईवाली म्हणाली, यंत्राची चूक असेल, आजोबा.
मी टॉर्च घेतला.

तो मंचावर होता.
आपल्याच खुर्चीत, काळ्या स्क्रीनसमोर,
हेडफोन गळ्यात,
उजवं मनगट डाव्या हातात धरून,
पाखरू धरावं तसं.

मला ओरडून सांगता आलं असतं, बंद करतोय.
पण पाय दुखत होते,
आणि तिसऱ्या रांगेत सगळ्याच खुर्च्या रिकाम्या.
टॉर्च विझवून मी बसलो.
तो काहीही करत नव्हता.
मी बघत होतो.
शेवटची ट्राम गेली तरी.