लिखाई गयं का?

जिनिंगच्या फाटकाशी वजनकाट्याची केबिन,
पत्र्याची, आठ बाय सहा.
कीबोर्डच्या फटीत सरकी. कॅबिनेट उघडलं
तर आत रुईच रुई,
जणू कुणी गादी भरायला घेतली
आणि मध्येच उठून गेलं.

मी जळगावहून साडेनऊच्या एसटीनं आले होते.
पर्समध्ये एसएसडी,
पत्त्यांच्या कॅटाएवढी, वजनाला त्याहून कमी.
हिलालनाना बडगुजर, याच खुर्चीत चौदा हंगाम,
म्हणाले, जुनीला काय झालंय?
म्हटलं, कान लावून ऐका.
म्हणाले, रोजच ऐकतो.

आणि ते खरंच होतं.
ट्रक काट्यावर चढला की टेबल थरथरायचं,
आतली तबकडी मात्र मिनिटाला
सात हजार दोनशे फेऱ्या घेत,
धुळीच्या कणाहून कमी अंतरावर तरंगणारी सुई
डोक्यावर घेऊन,
तोल धरून असायची.
मग कर्र, कर्र, कट.
तेव्हा कुठे नानांचा हात खिडकीबाहेर जायचा
आणि ड्रायव्हर गिअर टाकायचा.
पडद्याकडे ते फारसं बघतच नसत.

दिवाळीपासून एक वेगळा आवाज होता.
टक. टक. टक.
दार वाजवणाऱ्याला माहीत असावं
की घरात कुणी नाही, तसा.

मी माझं नेहमीचं सुरू केलं:
हिच्यात फिरणारं काही नाही, नाना,
सुई नाही, मोटार नाही,
ट्रक चढो की डंपर, हिला पत्ता लागत नाही.
चालू व्हायला चार मिनिटं लागायची,
आता अकरा सेकंद.
नानांनी ती तळहातावर घेतली, कानाशी नेली,
हलवून पाहिली, नारळ हलवतात तशी.
"मंग मरतांना काय करस हाई?"
काही नाही, म्हटलं.
एका सकाळी दिसेनाशी होते.
"सांगस नै?"
नाही.

फायली उतरायला चार तास लागले.
टक वाजलं की आम्ही दोघं थांबायचो,
पुन्हा आकडा पुढे सरकला की चहा प्यायचो.
बाहेर गाड्या लागल्या, चोपड्यापर्यंत रांग आहे
असं एक क्लीनर सांगून गेला. अर्थात खोटं.

तीन वाजता पहिली गाडी.
चौदा हजार तीनशे ऐंशी किलो. एंटर.
काहीच वाजलं नाही.
नानांचा हात खिडकीच्या चौकटीवर
तसाच राहिला.
ड्रायव्हरनं हॉर्न मारला, परत मारला.
"लिखाई गयं का वं, ताई?"
गेलं, नाना. केव्हाच गेलं.
"हाई ते मुकीच शे."
आणि चौदा हंगामांत पहिल्यांदा
त्यांनी चष्मा लावून आकडा वाचला.

निघताना त्यांनी हळूच विचारलं,
"पुसेल व्हतं तेबी उनं का इकडे?"
नाही, ज्याला नाव होतं तेवढंच आलं.
पुसलेलं जुनीतच पडून असतं,
वरून दुसरं लिहीपर्यंत.
"आनि हिच्यामा?"
हिच्यात पुसलं की बहुधा गेलंच.
ही रिकामी झालेली जागा झाडून ठेवते.

नानांनी ऑफिसकडे पाहिलं.
तिथं शेठचा एसी भिंतीवर थेंब थेंब गळत होता.
सकाळीच निरोप आला होता,
जुनी भंगारात द्या, आजच.
नानांनी ती उपरण्यात गुंडाळली,
डब्याच्या पिशवीत तळाला ठेवली,
वर उरलेली कळण्याची अर्धी भाकर.
कोणती गाडी, कोणत्या हंगामातली,
मी विचारलं नाही.

बिलावर लिहिलं:
एसएसडी एक, बसवणावळ, एसटी भाडं.
जुनी डिस्क ग्राहकाकडे.
ग्राहक कोण,
ते लिहायला रकाना नव्हता.